भंगारातले गुरुजी

दोस्तांनो, दिवाळीच्या आधी घरोघरी साफसफाई निघते ना, तशी आमच्याकडेही निघाली होती. टीव्हीच्या मागचा कोपरा माझ्या वाट्याला आला. तिथे वायरींचं हे एवढं जंजाळ! इंटरनेटचा राऊटर, त्याच्या शेजारी पाच छिद्रांची एक छोटीशी काळी डबी आणि तिच्यातून निघालेल्या निळ्या-पिवळ्या केबली. धूळ पुसता पुसता एक केबल दिसली. तिचं एक टोक डबीत होतं आणि दुसरं खाली लोंबकळत होतं. ‘बरं दिसत नाही हे,’ असं म्हणत मी ते टोक उचललं आणि डबीतल्या रिकाम्या छिद्रात खोचून टाकलं. टक्‌ असा छान आवाजही आला. कोपरा कसा नीटनेटका दिसू लागला!

दोन मिनिटं झाली नाहीत तोच बाबांचा आवाज आला, “अगं, मॅच थांबली!” पाठोपाठ माझी भाची ओरडली, “मावशी, नेट गेलं!”

ही भाची नववीत आहे. नेट गेलं म्हणजे तिच्या दृष्टीने वीज गेल्यासारखंच. आम्ही राऊटर बंद केला, चालू केला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. तक्रार केंद्राला फोन लावला. तिथून उत्तर मिळालं, “तुमची लाइन व्यवस्थित आहे.” लाइन व्यवस्थित, वीज व्यवस्थित, मग बिघडलं काय? तासभर डोकं खाजवून झाल्यावर भाची टीव्हीच्या मागे शिरली. डबीवरचे पाचही दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकत होते. तिने एकेका केबलवरून बोट फिरवत नेलं आणि म्हणाली, “मावशी, ह्या केबलची दोन्ही टोकं एकाच डबीत आहेत!”

तिने एक टोक उपटलं. दिवे शांत झाले आणि मॅच सुरू झाली. हुश्श!

आता बघा, ती केबल तुटलेली नव्हती, जळलेली नव्हती. साधी हातभर लांबीची धडधाकट केबल. तिने सगळ्या घराचं इंटरनेट बंद पाडलं कसं? भाचीने हा प्रश्न मला विचारला आणि मला धड उत्तर देता येईना. त्या उत्तराच्या मागे लागून आम्ही दोघी पोचलो थेट जुन्या संगणकांच्या बाजारात!

शिपाईकाकांची गोष्ट

आधी त्या डबीची ओळख करून घेऊ. तिचं नाव ‘स्विच’. नाही नाही, दिव्याचं बटण नव्हे! घरातले किंवा ऑफिसातले संगणक एकमेकांना जोडणारं हे यंत्र. त्याच्या प्रत्येक छिद्राला ‘पोर्ट’ म्हणतात.

तुमच्या शाळेत सूचनांची वही घेऊन फिरणारे शिपाईकाका असतीलच. समजा, काका शाळेत नवीन आले आहेत. आठवी ‘ब’च्या बाईंसाठी चिठ्ठी आली, पण बाई कुठल्या वर्गात बसतात हे काकांना ठाऊक नाही. मग ते काय करतील? चिठ्ठी जिथून आली ते दार सोडून बाकी प्रत्येक दारात तिची एकेक प्रत देतील. ज्यांची असेल ते ठेवून घेतील, बाकीचे टाकून देतील. पण काका हुशार आहेत. ज्या दारातून चिठ्ठी येते त्या दाराआड कोण बसतं, हे ते आपल्या वहीत टिपून ठेवतात. थोड्या वेळाने त्यांना सगळी शाळा पाठ होते. मग आठवी ‘ब’ची चिठ्ठी सरळ आठवी ‘ब’च्याच दारात!

स्विच अगदी हेच करतो. प्रत्येक संगणकाच्या जोडणीला कारखान्यातच एक पत्ता दिलेला असतो. त्याला ‘मॅक पत्ता’ म्हणतात. हा पत्ता ४८ बिटांचा असतो. म्हणजे किती वेगवेगळे पत्ते होऊ शकतील? दोनला दोनने गुणत ४८ व्या घातापर्यंत जा. उत्तर येईल सुमारे २८१ लाख कोटी! स्विच या पत्त्यांची वही ठेवतो. एखाद्या पत्त्याकडून बराच वेळ, साधारणपणे पाच मिनिटं, काहीच आलं नाही तर ती नोंद खोडून टाकतो. वर्गात कोणी बसतच नसेल तर नाव कशाला ठेवायचं?

स्विच येण्याआधी ‘हब’ नावाचं यंत्र असे. ते बिचारं काहीच शिकत नसे. आलेला प्रत्येक निरोप सगळ्या दारांत देत असे. शाळेत सतत भोंगा लावून ठेवल्यासारखं! संगणक वाढले तसा गोंगाट वाढला. मग १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीने सात पोर्टांचा स्विच बाजारात आणला. बरेच संगणक जोडणारा असा हा पहिलाच इथरनेट स्विच. त्या कंपनीचं नाव माहीत आहे? ‘कल्पना’! खरंच! कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक होते विनोद भारद्वाज. त्यांच्या पत्नीचं नाव कंपनीला दिलं होतं. पुढे १९९४ साली सिस्को या मोठ्या कंपनीने ‘कल्पना’ विकत घेतली.

दोन पेट्या घरी आल्या

आमच्या डबीत काय घडलं ते पाहायचं, तर डबीच्या आत डोकावायला हवं. पण घरगुती डबी मुकी असते. ती काय करते आहे हे तिला विचारायची सोयच नाही. मोठ्या कंपन्यांतले स्विच मात्र बोलतात. त्यांना लॅपटॉप जोडून प्रश्न विचारता येतात, आज्ञा देता येतात. नवे स्विच फार महाग. पण कंपन्या दर काही वर्षांनी आपलं सामान बदलतात, आणि मग हे चांगले चालणारे स्विच जुन्या मालात येऊन पडतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात चक्कर मारली तर दिसतील.

आम्ही सिस्कोचे ‘कॅटॅलिस्ट २९६०’ नावाचे दोन स्विच घेतले. दोन मिळून एका बऱ्यापैकी क्रिकेट बॅटच्या किमतीत आले. ही मालिका कंपनीने विकणं केव्हाच थांबवलं आहे, म्हणून तर ते स्वस्त. रुंदी सुमारे ४४ सेंटिमीटर, उंची साडेचार सेंटिमीटरही नाही, वजन साडेतीन किलोच्या आसपास. पुढे २४ पोर्टांची रांग आणि दोन जादा पोर्ट. चालू केल्यावर आत पंखा असा घोंघावतो की आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “मिक्सर कोणी लावला?”

यांच्याशी बोलायची तऱ्हा गमतीची आहे. मागे ‘कन्सोल’ नावाचं एक वेगळं छिद्र असतं. त्यात एक चपटी, फिकट निळी केबल लावायची. तिचं दुसरं टोक जुन्या पद्धतीचं असल्यामुळे, लॅपटॉपच्या यूएसबीत बसेल असा एक जोड घ्यावा लागतो. मग लॅपटॉपवर ‘पुट्टी’ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम उघडायचा. (भिंतीला लावतात ती पुट्टी नव्हे हं!) त्यात वेग ठेवायचा ९६००, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट. स्विचचं एकेक पोर्ट सेकंदाला १० कोटी बिट पाठवू शकतं. पण तुमच्याशी गप्पा मारताना तो त्याच्या दहा हजारपट सावकाश बोलतो. आजोबा नातवाशी बोलतात तसा!

विजेची कळ दाबली आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरसरत वर जाऊ लागली. स्विच आपली स्वतःची तपासणी करत होता. दोन-चार मिनिटांनी तो थांबला. आम्ही एंटर दाबलं, आणि... भाचीने माझा हात धरला.

पडद्यावर एका ऑफिसचं नाव होतं.

दुसऱ्याची वही

आधीच्या मालकाने स्विच पुसलाच नव्हता! एकही पासवर्ड न विचारता आम्ही आत होतो. कुठल्या पोर्टाला कुठला मजला, कुठला विभाग, सगळं आत लिहिलेलं असणार. “मावशी, वाचू या?” भाचीने हळूच विचारलं.

तुम्ही असतात तर काय केलं असतं? खरं सांगा!

समजा, बसमध्ये तुम्हाला कोणाची तरी डायरी सापडली. पहिल्या पानावर नाव दिसलं, इथवर ठीक. पण पुढची पानं उलटायची का? डायरीला कुलूप नाही, म्हणून ती आपली होते का? भाचीने थोडा विचार केला आणि म्हणाली, “नको. पुसूनच टाकू.” मला फार बरं वाटलं.

आणि ही गोष्ट क्वचित घडणारी आहे, असं समजू नका. २०२३ साली ईसेट या संगणक-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी मुद्दाम जुन्या बाजारातून अठरा राऊटर विकत घेतले. त्यांतले जे तपासता आले, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक यंत्रांत आधीच्या मालकांची माहिती जशीच्या तशी पडून होती. ती एखाद्या चोराच्या हाती लागली असती तर? त्याला त्या कंपनीचा घरबसल्या नकाशाच मिळाला असता.

पुसायची रीत अशी. स्विचच्या पुढच्या बाजूला डावीकडे ‘मोड’ नावाचं एक बटण असतं. ते दाबून धरायचं आणि वीज चालू करायची. थोड्या वेळाने ‘सिस्ट’ लिहिलेला दिवा लुकलुकायचा थांबून हिरवा होतो, तेव्हा बोट काढायचं. आता स्विच अर्धवट जागा होतो. ‘फ्लॅश_इनिट’ ही आज्ञा दिली की त्याचं कपाट उघडतं. (अक्षरं इंग्रजीच लिहायची, इथे फक्त उच्चार दिला आहे.) त्या कपाटातल्या दोन फायली खोडायच्या. एक ‘कॉन्फिग डॉट टेक्स्ट’, आणि दुसरी ‘व्हीलॅन डॉट डॅट’. जुन्या मालकाचे पासवर्ड, नावं, नेमणुका या दोन फायलींत असतात. मग ‘बूट’ म्हणायचं.

पण सावधान! त्याच कपाटात ‘डॉट बिन’ने संपणारी एक मोठी फाइल असते. तिला हात लावायचा नाही. तो स्विचचा मेंदू आहे. उत्साहाच्या भरात तीही खोडली, तर स्विच अर्धवट जागाच राहील आणि तुम्हाला रात्रभर जागवील!

हिरवे, नारिंगी दिवे

आता पाटी कोरी झाली. एका पोर्टात लॅपटॉप जोडला. पोर्टाचा दिवा नारिंगी झाला. आम्ही वाट बघत बसलो. पाच सेकंद, दहा सेकंद... भाचीने घड्याळ लावलं. बरोबर तीस सेकंदांनी दिवा हिरवा झाला! घरच्या डबीत तर केबल लावताच दिवा लागतो. मग हा एवढा मोठा स्विच इतका वेळ कसला विचार करतो? हा प्रश्न लक्षात ठेवा. यातच आपल्या कोड्याचं उत्तर लपलेलं आहे.

मग आम्ही ‘शो मॅक अ‍ॅड्रेस-टेबल’ अशी आज्ञा दिली. लगेच शिपाईकाकांची वही समोर! लॅपटॉपचा पत्ता, आणि त्यापुढे पोर्टाचा क्रमांक. केबल काढून दुसऱ्या पोर्टात लावली. थोड्या वेळाने वहीतला क्रमांक बदलला. पुस्तकात ‘स्विच पत्ते शिकतो’ असं एक वाक्य असतं. इथे तो डोळ्यांसमोर शिकत होता.

निरोप गरगर का फिरतो?

आता मूळ कोडं. शिपाईकाकांचा नियम आठवा. ‘सर्वांसाठी’ असा निरोप आला, की आला ते दार सोडून बाकी सगळ्या दारांत प्रती द्यायच्या. संगणक असे निरोप वरचेवर पाठवत असतात. ‘अमुक पत्त्याचा संगणक कोण आहे? हात वर करा!’ अशा धर्तीचे.

आता कल्पना करा, शाळेचं चौथं आणि पाचवं दार एकाच बोळाने आतून जोडलं आहे. काकांनी चौथ्या दारात प्रत सरकवली, ती बोळातून फिरून पाचव्या दारातून परत आली. काकांना वाटलं, नवी सूचना आली! त्यांनी पुन्हा सगळ्या दारांत प्रती दिल्या, चौथ्यातही दिली. ती पुन्हा पाचव्यातून परत! तिकडे पाचव्या दारात दिलेली प्रत चौथ्यातून परत येते आहे, ती वेगळीच. एक उजवीकडून फिरते, एक डावीकडून फिरते. आणि प्रत्येक फेरीला सगळ्या वर्गांत पुन्हा तीच चिठ्ठी येऊन पडते. हे थांबणार कधी? कधीच नाही!

इंटरनेटच्या निरोपावर एक आकडा लिहिलेला असतो. प्रत्येक राऊटरपाशी तो एकाने कमी होतो आणि शून्य झाला की निरोप फेकून देतात. पण स्विच ज्या पाकिटाकडे बघून काम करतो, त्या इथरनेटच्या पाकिटावर असा आकडाच नसतो. ते म्हातारं होत नाही.

आणि वेग किती? सेकंदाला १० कोटी बिट नेणाऱ्या तारेतून सर्वांत लहान आकाराचे निरोप एका सेकंदात सुमारे १ लाख ४८ हजार जाऊ शकतात. तुम्ही ‘एक’ म्हणायच्या आत काकांच्या हातात लाखभर चिठ्ठ्या! मग बाबांची मॅच त्या गर्दीतून वाट कशी काढणार? मी एक लोंबकळतं टोक खोचून हा सारा उद्योग करून ठेवला होता.

याला वादळ म्हणतात. आम्ही ते वादळ मुद्दाम उठवून पाहिलं. पण आधी एक गोष्ट नीट तपासली. दोन्ही स्विचांमधून घराच्या राऊटरकडे एकही केबल जात नव्हती. वादळ टेबलापुरतंच!

दोन स्विच एका केबलने जोडले. तीस सेकंदांनी दोन्ही टोकांचे दिवे हिरवे. मग शेजारी दुसरी केबल लावली. म्हणजे गोल बोळ तयार झाला. आता वादळ येणार म्हणून आम्ही श्वास रोखून बसलो. काहीच झालं नाही! दुसऱ्या केबलचा एका टोकाचा दिवा हिरवा झाला, पण दुसऱ्या टोकाचा नारिंगी तो नारिंगीच. स्विचने ते दार आपण होऊन बंद करून ठेवलं होतं.

मग पहिली केबल उपटली. आणि काय सांगू! तीस सेकंदांत तो नारिंगी दिवा हिरवा झाला. मुख्य रस्ता तुटला, तर राखीव रस्ता खुला!

शेवटी दोन्ही केबली लावल्या आणि दोन्ही स्विचांवर ‘नो स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन १’ अशी आज्ञा देऊन त्यांचं हे शहाणपण काढून घेतलं. क्षणभर शांतता. मग लॅपटॉपने कुठला तरी ‘सर्वांसाठी’ निरोप पाठवला असावा. दोन्ही पेट्यांवरचे जोडलेल्या पोर्टांचे सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकू लागले. आमच्या टीव्हीमागच्या डबीसारखेच! भाचीने एक केबल ओढली. वादळ जागच्या जागी थांबलं.

पारंब्या नसलेलं झाड

स्विचला हे शहाणपण शिकवलं कोणी? एका बाईंनी. त्यांचं नाव रेडिया पर्लमन. जन्म १९५१ चा, अमेरिकेतला. १९७० च्या दशकात एमआयटी या प्रसिद्ध संस्थेत असताना त्यांनी तीन ते पाच वर्षांच्या, म्हणजे वाचताही न येणाऱ्या मुलांना संगणकाला आज्ञा देता याव्यात, म्हणून खास बटणांची यंत्रं केली होती.

पुढे त्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत होत्या. तिथे त्यांना हेच कोडं घातलं गेलं. तारांचं जाळं कसंही जोडलेलं असो, निरोप गोल फिरता कामा नये. त्यांचे साहेब आठवडाभर रजेवर जाणार होते. रेडियाबाईंना उत्तर त्याच रात्री सुचलं! दोन दिवसांत त्यांनी ते नीट लिहून काढलं. साहेब यायला अजून अवकाश होता. मग उरलेल्या वेळात त्यांनी आपल्या शोधावर एक कविताही करून टाकली. १९८५ साली तो शोध प्रसिद्ध झाला, कवितेसकट!

उत्तर काय होतं? झाड! तुमच्या अंगणातला आंबा बघा. कुठल्याही पानावरून दुसऱ्या कुठल्याही पानाकडे मुंगीला जायचं असेल, तर न परतता जाण्याचा एकच रस्ता असतो. फांद्या एकमेकींना पुन्हा मिळत नाहीत, म्हणून मुंगी गोल गोल फिरत राहू शकत नाही. वडाचं मात्र तसं नाही. त्याची पारंबी खाली येऊन जमिनीला टेकते. मुंगी खोडावरून चढून, पारंबीवरून उतरून, पुन्हा खोडाशी येऊ शकते. रेडियाबाईंची युक्ती म्हणजे वडाच्या पारंब्या तेवढ्या बाजूला ठेवून त्याला आंबा करणं! पारंब्या तोडायच्या नाहीत बरं का. फक्त बंद ठेवायच्या. फांदी मोडली तर पारंबी कामाला येते.

स्विच हे कसं करतात? दर दोन सेकंदांनी ते एकमेकांना छोटे निरोप पाठवतात. ज्याचा क्रमांक सर्वांत कमी, तो मुखिया. तोच झाडाचं मूळ. बाकीचा प्रत्येक स्विच मुळाकडे जाणारा जवळचा रस्ता निवडतो आणि गोल घडवणारी जादा दारं बंद करतो. दार उघडण्याआधी पंधरा सेकंद नुसतं ऐकायचं आणि पंधरा सेकंद शिकायचं. पंधरा आणि पंधरा, तीस! आठवला तो नारिंगी दिवा? स्विच तेव्हा हळूबाई झालेला नसतो. ‘हे दार उघडलं तर कोणाला त्रास होणार नाही ना?’ याची तो खात्री करत असतो.

बोस्टनचे चार दिवस

तुम्ही म्हणाल, एवढी छान युक्ती निघाली, मग आता काळजी कसली? तर ही गोष्ट ऐका.

अमेरिकेतल्या बोस्टन शहरात बेथ इस्रायल डीकनेस हे मोठं रुग्णालय आहे. १३ नोव्हेंबर २००२ रोजी तिथलं संगणकांचं जाळं कोलमडलं. तपासणीचे अहवाल, औषधांच्या नोंदी, सगळं संगणकांवर होतं आणि ते एकमेकांशी बोलू शकत नव्हते. सुमारे चार दिवस रुग्णालय पुन्हा कागदावर चाललं. माणसं कागद हातात घेऊन एका विभागातून दुसऱ्या विभागात धावत होती.

कारण काय? वर्षानुवर्षं नव्या इमारती, नवे विभाग जुन्या जाळ्याला एकाला एक जोडत नेले होते. झाडाच्या युक्तीलाही मर्यादा असते. फांदीला फांदी, तिला आणखी फांदी, असं सातापुढे वाढवू नये असा संकेत आहे. तिथे फांद्या त्या मर्यादेपलीकडे गेल्या होत्या. एके दिवशी माहितीचा मोठा लोंढा आला, स्विचांचे आपापसातले निरोप वेळेवर पोचेनात आणि बंद ठेवायची दारं उघडली. मग तेच वादळ! फरक इतकाच, की आमच्याकडे मॅच थांबली होती. तिथे खाटांवर रुग्ण होते.

त्या रुग्णालयाच्या संगणक विभागाचे प्रमुख होते डॉक्टर जॉन हॅलम्का. त्यांनी ही चूक दडवून ठेवली नाही. काय चुकलं ते जगाला उघडपणे सांगितलं. त्यामुळे कितीतरी जणांनी आपापली जाळी तपासून पाहिली. आपल्याकडेही रुग्णालयं, बँका, रेल्वेचं आरक्षण, सगळं अशाच स्विचांवर चालतं. उद्या तुमच्यापैकीच कोणीतरी तिथे केबल जोडायला उभा असेल, उभी असेल. त्या दिवशी चूक परवडणार नाही. म्हणून आज, टेबलावर, कोणाचंही काही न बिघडवता ती मनसोक्त करून घ्यायची. जुन्या स्विचचा खरा उपयोग हाच. तो रागावत नाही, गुण कापत नाही. पाटी पुसून पुन्हा तयार!

आई-बाबांशी दोन शब्द

तुमच्या मुलाने किंवा मुलीने असं यंत्र मागितलं तर लगेच ‘भंगार कशाला घरात?’ म्हणू नका. पण काही गोष्टी नक्की पाहा. स्विचच्या आत थेट २३० व्होल्टचा पुरवठा असतो, म्हणून झाकण मुलांनी उघडायचं नाही. प्लग तीन पिनांचा आणि अर्थिंग असलेल्या जागीच लावावा. या जुन्या यंत्रांना सुरक्षेच्या नव्या सुधारणा मिळत नाहीत, म्हणून ती शिकण्यापुरतीच वापरावीत. घराच्या इंटरनेटचा भार त्यांच्यावर टाकू नये. प्रयोग संपला की वीज बंद! एक स्विच सुमारे ३० वॉट घेतो. दोन स्विच महिनाभर अखंड चालू ठेवले तर बिलात ४३ युनिटं वाढतील. (मुलांनो, हे गणित करून पाहा.)

आणि एक दिवस ते कायमचे बंद पडले, तर कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. आपल्या देशात ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. असं सामान नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्राकडे द्यायचं. देण्याआधी आतली माहिती पुसायची, हे तर आता तुम्हाला सांगायला नकोच. घरातला जुना राऊटर आणि जुना फोन देतानासुद्धा!

तर दोस्तांनो, आमच्या प्रयोगशाळेतलं शेवटचं काम भाचीने केलं. तिने घरातल्या सगळ्या जोडण्यांचा नकाशा एका मोठ्या कागदावर काढला आणि टीव्हीच्या मागच्या भिंतीवर चिकटवला. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावल्या. कुठून कुठे जाते, सगळं त्यावर लिहिलं. बोस्टनच्या गोष्टीतून ती हेच शिकली होती. कुठली फांदी कुठे जाते हे कोणाला तरी ठाऊक असायलाच हवं.

आणि त्या लोंबकळणाऱ्या टोकाला? त्यालाही तिने एक चिठ्ठी बांधली आहे. तीवर लाल शाईने लिहिलं आहे, ‘हे टोक रिकामंच राहू द्या. मावशी, हे तुझ्यासाठी!’